मालमोटारींच्या पडद्यांवरील टिकाऊ अक्षरे

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, तेलंगणाच्या सीमेलगत झरी-जामणी तालुका आहे आणि त्या तालुक्यातील मुकुटबन हे महत्त्वाचे गाव आहे. माजरी-वणी-पिंपळखुटी या लोहमार्गावरील हे स्थानक. गावाच्या परिसरात चुनखडीचे साठे आहेत. वर्धा खोऱ्यातील कोळशाचा पट्टा वणी परिसरातून मार्की-मांगलीपर्यंत येऊन पोहोचला आहे. आणि काळ्या जमिनीतील कापूस तर या भागाची जुनीच ओळख होय. येथे उभारलेल्या वार्षिक ३९ लाख टन क्षमतेच्या सिमेंट कारखान्यात २०२२ मध्ये उत्पादन सुरू झाले. चुनखडी, कोळसा, सिमेंट आणि कापूस हे चारही पदार्थ मोठ्या प्रमाणावर रस्त्याने जातात, आणि चौघांनाही झाकून न्यावे लागते. कोळसा व चुनखडी उघडी नेली तर धूळ गावात पसरते, सिमेंट भिजले तर दगड होते आणि कापूस भिजला तर त्याची प्रत जाते.

यास्तव मालमोटारीवरील ताडपत्री अथवा पडदा ही या भागातील रोजच्या व्यवहारातील वस्तू आहे. तिच्यावर मालकाचे नाव, वाहनाचा क्रमांक, मालाचा प्रकार किंवा धोक्याची सूचना लिहिलेली असते. परंतु ही अक्षरे एक-दोन पावसाळ्यांत पुसट होतात, त्यांचे पोपडे निघतात, किंवा ती चिकट होऊन धुळीने काळी पडतात. रंगाऱ्याचे काम वाईट होते, असा ठपका मग सहज ठेवला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा दोष हाताचा नसून कापड व रंग यांच्या न जुळणाऱ्या स्वभावाचा असतो. हा स्वभाव समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरील झाकण, शाळेच्या कार्यक्रमाचा मंडप, आपत्तीच्या वेळचे तंबू या सर्वांना हीच माहिती लागू पडते.

अक्षरे कशासाठी?

मालमोटारीवरील अक्षरांकडे सामान्यतः सजावट म्हणून पाहिले जाते. फुले, मोर, देवदेवतांची नावे आणि दोन ओळींची सुभाषिते यांची एक लोककलाच आपल्या रस्त्यांवर फुलली आहे. परंतु अक्षरांचे पहिले काम ओळख पटविण्याचे आहे. भरधाव वाहनातून कोळशाचे ढेकूळ रस्त्यावर पडले, वाहनाने शाळकरी मुलास धक्का देऊन पळ काढला, किंवा झाकण न घातलेल्या वाहनाबद्दल तक्रार करावयाची असली, तर ग्रामस्थाच्या हाती एकच साधन असते, ते म्हणजे त्याने पाहिलेला क्रमांक. क्रमांक वाचता आला नाही तर तक्रार तेथेच संपते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ५० व ५१ मध्ये नोंदणी क्रमांक कोठे व कसा असावा हे सांगितले आहे. अक्षरे इंग्रजी व अंक अरबी असावेत, वाहतुकीच्या वाहनावर पिवळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे असावीत, आणि मोठ्या वाहनांवर अक्षर व अंकांची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर व मधले अंतर १० मिलिमीटर असावे, अशी ही तरतूद आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या वाहनांवर दिसणारे 'एमएच-२९' हे चिन्ह याच पद्धतीचे. पडद्यावरील लेखन या अधिकृत पाटीची जागा घेऊ शकत नाही. ते तिला पूरक असते. पडदा खाली सोडल्यामुळे किंवा दोर बांधल्यामुळे पाटी झाकली गेली, तर पडद्यावर कितीही सुंदर अक्षरे असली तरी नियमभंग होतोच.

धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांवर मालाचा वर्ग दर्शविणारी चिन्हे व आपत्कालीन माहितीचे फलक लावण्याबाबत याच नियमावलीतील नियम १२९ ते १३७ मध्ये तरतुदी आहेत. अपघातानंतर प्रथम धावून येतात ते गावकरी. त्यांना ते चिन्ह ओळखता आले, तर गळणाऱ्या द्रवाजवळ विडी पेटवू नये एवढे तरी कळते. अक्षर टिकणे न टिकणे हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही, तो असा आहे.

याउलट काही अक्षरे नसलेलीच बरी. 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या मालमोटारींच्या फाळक्यावर झळकत होते. विनाकारण हॉर्न वाजविण्यास त्यामुळे उत्तेजन मिळते हे लक्षात घेऊन महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये ते लिहिण्यास मनाई केली.

कापडाची ओळख

बाजारात ज्या सर्व वस्तूंना आपण सरसकट 'ताडपत्री' म्हणतो, त्यांत किमान तीन भिन्न जाती आहेत.

पहिली जात सुती कॅनव्हासची. जाड विणीच्या कापडावर मेण व बुरशीरोधक क्षार यांचा संस्कार करून ती पाणीरोधक केली जाते. भारतीय मानक आयएस २०८९ हे अशाच ताडपत्र्यांसाठी आहे. या कापडात रंग धाग्यांच्या आत शिरतो, म्हणून साधा तैलरंगही त्यावर बऱ्यापैकी टिकतो. जुन्या रंगाऱ्यांची सारी कारागिरी या कापडावर घडली.

दुसरी जात उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनची, म्हणजे एचडीपीईची. निळ्या, पिवळ्या किंवा काळ्या रंगाच्या, वजनाने हलक्या व किमतीने स्वस्त ताडपत्र्या बहुधा याच असतात. त्यांच्यासाठी आयएस ७९०३ हे मानक आहे. शेतात, खळ्यावर व अनेक मालमोटारींवर याच दिसतात.

तिसरी जात प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहे. पॉलिएस्टरच्या मजबूत धाग्यांच्या कापडावर दोन्ही बाजूंनी पॉलिव्हिनाइल क्लोराइडचा, म्हणजे पीव्हीसीचा, थर चढवून ती तयार होते. व्यवहारात तिला 'व्हिनाइल' किंवा 'पीव्हीसी ताडपत्री' म्हणतात. चांगल्या प्रतीच्या कापडाचे वजन दर चौरस मीटरला ६०० ते ९०० ग्रॅम असते. गावोगावी लागणारा 'फ्लेक्स' हा याच कुळातला, परंतु पातळ व अल्पायुषी भाऊ होय.

पीव्हीसी हा पदार्थ जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑइगेन बाउमान यांच्या पाहण्यात १८७२ मध्ये आला, परंतु तो कडक व ठिसूळ असल्यामुळे त्याचा उपयोग होईना. अमेरिकेतील वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये त्यात विशिष्ट तेलकट द्रव मिसळून त्याला रबरासारखा लवचीकपणा आणला, आणि तेथून या कापडाचा मार्ग मोकळा झाला. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये बोअलॉय या कंपनीने बाजूने सरकणाऱ्या पडद्यांची मालमोटार बाजारात आणली. हौद्याच्या लाकडी किंवा पत्र्याच्या भिंतींऐवजी पट्ट्यांनी ताणलेला पडदा असल्यामुळे कोणत्याही बाजूने माल चढविता-उतरविता येऊ लागला. या ताणलेल्या, सपाट व विस्तीर्ण पडद्याने अक्षरांसाठी एक नवा फळाच उपलब्ध करून दिला. आपल्याकडे मात्र दोरांनी बांधलेली ताडपत्रीच अधिक प्रमाणात वापरात आहे. तिला घड्या पडतात आणि ती रोज सोडावी-बांधावी लागते. त्यामुळे आपल्याकडील अक्षरांची परीक्षा अधिक कठोर असते.

पाण्यातील परीक्षा

कापड पीव्हीसीचे की पॉलिएथिलीनचे हे ओळखल्याशिवाय रंगाची निवड करणे व्यर्थ आहे. त्यासाठी एक सोपी परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल. कापडाच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापावा. भांड्यातील पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तुकड्यास हवेचे बुडबुडे चिकटून राहणार नाहीत. तुकडा पाण्यात बोटाने दाबून सोडावा. पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तुकडा वर येतो. पीव्हीसी व पॉलिएस्टर दोन्ही पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तो बुडतो. घनतेचा धडा शिकविणाऱ्या शिक्षकास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

तुकडा जाळून पाहण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती टाळावी. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो आणि तो डोळे व फुप्फुसे यांना अपायकारक आहे.

साधा रंग का टिकत नाही?

लवचीक पीव्हीसीत वजनाने बराच मोठा भाग, पुष्कळदा सुमारे एकतृतीयांश, मार्दवकारी तेलाचा असतो. हे तेल पीव्हीसीच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जखडलेले नसते. उष्णता वाढली की ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते. विदर्भातील उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या पडद्याचे तापमान त्याहून पुष्कळ अधिक असते.

अशा पडद्यावर दुकानातील साधा एनॅमल रंग लावला तर काय घडते? एनॅमल हवेतील प्राणवायू शोषून वाळतो व कडक होतो. पण खालून येणारे तेल त्यात शिरते आणि त्याला पुन्हा मऊ करते. अक्षरे चिकट होतात, त्यांवर कोळशाची व सिमेंटची धूळ बसते आणि पांढरी अक्षरे दोन महिन्यांत करडी दिसू लागतात. जेथे तेल कमी पोहोचते तेथे उलट प्रकार होतो. रंगाचा पापुद्रा कडक राहतो, कापड मात्र घडी घेते, आणि घडीच्या रेषेवर रंग तडकतो. तडीत पाणी शिरते व पोपडा सुटतो. याशिवाय चांगल्या प्रतीच्या पडद्यावर धूळ बसू नये म्हणून कारखान्यात पातळ रोगणाचा थर दिलेला असतो. धुळीला जो थर दूर ठेवतो, तो रंगालाही दूर ठेवतो.

उन्हातील अतिनील किरणे हा तिसरा शत्रू. त्यांनी काही लाल व पिवळे रंग सर्वांत आधी उडतात. काळा व पांढरा तुलनेने टिकतात. जुने, टिकाऊ पिवळे व नारिंगी रंग अनेकदा शिशाच्या क्षारांपासून बनत असत. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम केंद्र शासनाने २०१६ मध्ये केले. ते २०१७ पासून अमलात आहेत. औद्योगिक रंग त्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. यास्तव डब्यावर 'शिसेविरहित' असा उल्लेख आहे की नाही हे खरेदी करणाऱ्याने स्वतः पाहावे.

चार मार्ग

पहिला मार्ग व्हिनाइल रंगाचा. या रंगातील राळ पीव्हीसीच्याच जातीची किंवा तिच्याशी जुळणारी असते आणि त्यातील द्रावक पडद्याचा पृष्ठभाग किंचित विरघळवून त्यात शिरते. द्रावक उडून गेल्यावर रंग व कापड जणू एकजीव होतात. हा रंग कुंचल्याने, साच्यातून अथवा फवाऱ्याने लावता येतो. एकच मजकूर पुष्कळ पडद्यांवर हवा असल्यास जाळीच्या चौकटीतून रबरी पट्टीने रंग दाबण्याची, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगची, पद्धत स्वस्त पडते. गावातील रंगाऱ्यास हा मार्ग सर्वांत जवळचा आहे. त्याचे कसब तेच राहते, केवळ डबा बदलतो.

दुसरा मार्ग स्वयंचिकट फिल्मची अक्षरे कापून लावण्याचा. ही फिल्म दोन प्रकारची असते. लाटून केलेली फिल्म स्वस्त असते, परंतु कालांतराने आखडते व तिच्या कडा उचलतात. ओतून केलेली फिल्म सुमारे ५० मायक्रॉन जाडीची, मऊ व महाग असते. पत्र्याच्या दारावर उत्तम चिकटणारी फिल्म पडद्यावर मात्र फसते, कारण तेच मार्दवकारी तेल तिचा डिंक मऊ करते. म्हणून लवचीक पृष्ठभागासाठी खास बनविलेली फिल्मच मागावी. अक्षरांचे कोपरे गोलसर कापावेत. टोकदार कोपरा प्रथम उचलतो. घडी जेथे पडते तेथे अक्षर येऊ देऊ नये.

तिसरा मार्ग सांधलेल्या अक्षरांचा. पडद्याच्याच जातीच्या, वेगळ्या रंगाच्या कापडातून अक्षर कापावयाचे आणि गरम हवेच्या यंत्राने दोन्ही पृष्ठभाग मऊ करून रुळाने दाबून बसवावयाचे. येथे रंगच नाही, त्यामुळे पोपडा निघण्याचा प्रश्न नाही. असे अक्षर बहुधा पडद्याइतकेच टिकते. तथापि काम सावकाश चालते व हाताला सवय लागते. धूर दिसू लागला की उष्णता जास्त झाली असे समजावे. पीव्हीसी तेथे विघटित होत असते. एचडीपीईच्या ताडपत्रीवर पीव्हीसीचे अक्षर या रीतीने कधीही सांधत नाही, कारण हे दोन पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत.

चौथा मार्ग संगणकीय छपाईचा. फ्लेक्स छापणाऱ्या यंत्राच्या जातीचीच, परंतु टिकाऊ शाईची यंत्रे पडद्याचे कापड शिवण्यापूर्वी छापतात. चित्रे व अनेक रंग यांसाठी हा मार्ग सोयीचा आहे. छपाईवर संरक्षक रोगण देऊन घ्यावे. तसे न केल्यास दोर व धूळ यांच्या घर्षणाने शाई झिजते. सामान्य फ्लेक्सचा तुकडा पडद्यावर शिवून काम भागविण्याचा मोह टाळावा. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हेही येथे ध्यानात ठेवावे.

एचडीपीई ताडपत्रीचा प्रश्न उरतो. पॉलिएथिलीनचा पृष्ठभाग इतका उदासीन असतो की त्यावर पसरलेला रंग नखाने खरवडताच निघतो. कारखान्यात विजेच्या विसर्गाचा संस्कार करून त्यावर छपाई करतात. गावात ते शक्य नाही. अशा ताडपत्रीवर सरळ लिहिण्याऐवजी कॅनव्हासच्या पट्टीवर अक्षरे लिहून ती पट्टी कडेच्या दुमडलेल्या भागाला शिवावी, किंवा आयलेटमधून दोरीने बांधावी. ताडपत्री फाटली तरी पट्टी नव्या ताडपत्रीवर चालते, हा त्यातील आणखी एक फायदा.

कामाची रीत

व्हिनाइल रंगाने साच्यातून लिहावयाचे असल्यास पुढील क्रम पाळावा.

१. पडदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. कोळशाची धूळ विणीत बसलेली असल्यास मऊ ब्रशने घासावे.

२. लिहिण्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजविलेल्या स्वच्छ पांढऱ्या कापडाने पुसावी व लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्यावी. रॉकेल किंवा डिझेल वापरू नये. त्यांचा तेलकट अंश मागे राहतो. थिनरने पुन्हापुन्हा घासणेही अपायकारक आहे, कारण ते कापडातील मार्दवकारी तेल ओढून घेते आणि ती जागा पुढे कडक होऊन फाटते.

३. पडदा सपाट जागी, सावलीत, ताणून पसरावा. भर दुपारी तापलेल्या कापडावर काम करू नये. रंग पसरण्यापूर्वीच वाळतो व आत शिरत नाही.

४. आधी एका कोपऱ्यात नमुना लावावा. २४ तासांनी त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी आणि कापड त्याच जागी दहा-वीस वेळा दुमडून पाहावे. रंग पट्टीवर आला किंवा घडीवर तडा गेला, तर रंग बदलावा. हा एक दिवस वाचविण्याच्या नादात पुष्कळांचे वर्षाचे काम वाया जाते.

५. एक जाड थर देण्याऐवजी दोन पातळ थर द्यावेत.

६. पडदा किमान दोन दिवस गुंडाळू नये. त्यानंतरही पहिले काही दिवस अक्षरांवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी, म्हणजे उन्हात अक्षरे एकमेकांना चिकटणार नाहीत.

रंग व थिनर यांच्या वाफा ज्वलनशील असतात आणि बंद खोलीत त्यांनी डोके जड होते, मळमळते. काम उघड्यावर किंवा हवेशीर छपरीत करावे, हातमोजे घालावेत, जवळपास विडी व चूल नसावी. लहान मुलांकडून हे काम करून घेऊ नये. तैलरंगाने भिजलेली कापडे एकत्र गोळा करून ठेवल्यास ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून किंवा पसरून वाळवावीत.

अक्षराचे माप आणि देवनागरीचा साचा

किती मोठे अक्षर किती अंतरावरून वाचता येते, याचा एक ढोबळ ठोकताळा असा की अक्षराच्या दर २५ मिलिमीटर उंचीमागे सुमारे ३ मीटर अंतरावरून ते सहज वाचता येते. डोळे ताणून वाचल्यास अंतर आणखी वाढते. या हिशेबाने ६५ मिलिमीटरचा नोंदणी क्रमांक सुमारे ८ मीटरवरून सहज वाचता येईल. आता ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मालमोटार एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसास वाचण्यासाठी तीन सेकंद द्यावयाचे म्हटले, तर अंतर ३३ मीटर होते, आणि त्यासाठी सुमारे २७५ मिलिमीटर उंचीचे अक्षर हवे. पडद्यावरील पूरक क्रमांक ३०० मिलिमीटर उंचीचा असावा, असे सुचविण्यामागे हा हिशेब आहे. अक्षराची जाडी उंचीच्या सुमारे एकषष्ठांश, म्हणजे ५० मिलिमीटर ठेवावी. नियमातील ६५ व १० या मापांचे प्रमाणही जवळपास हेच आहे.

नाव देवनागरीत लिहिताना काही गोष्टी वेगळ्या ठरतात. रोमन अक्षरे एका पट्टीत बसतात. देवनागरीस शिरोरेखेवर वेलांटी-मात्रांसाठी व खाली उकारांसाठी जागा लागते. 'मुकुटबन' या नावात दोन उकार आहेत. ३०० मिलिमीटरच्या अक्षराखाली आणखी सुमारे १०० मिलिमीटर मोकळी जागा न ठेवल्यास उकार पडद्याच्या शिवणीत जातात, आणि नाव 'मकटबन' असे दिसू लागते.

साचा कापताना बंदिस्त पोकळ्यांचा प्रश्न येतो. 'ब' व 'क' यांच्या पोटातील भाग साच्यातून गळून पडतो. तो धरून ठेवण्यासाठी दोन ठिकाणी पूल सोडावे लागतात. अखंड शिरोरेखा कापली तर साच्याचा वरचा भाग लोंबकळतो. म्हणून दोन अक्षरांच्या मधोमध शिरोरेखेतही पूल ठेवावेत आणि साचा उचलल्यावर ते कुंचल्याने भरून घ्यावेत. 'म' व 'न' यांच्या गाठी भरीव ठेवल्या तरी वाचनास बाध येत नाही. पूल न भरता सोडलेली शिरोरेखा तुटक दिसते, आणि दुरून 'भ' व 'म', 'घ' व 'ध' यांत गोंधळ होतो. या अक्षरांचा भेद शिरोरेखेच्या अल्पशा खंडावर अवलंबून आहे, हे साचा कापणाऱ्याने विसरू नये.

सीमेवरील या भागात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी व कोलामी बोलणारे लोक राहतात आणि मालमोटारीही निरनिराळ्या राज्यांतून येतात. यास्तव लांब वाक्यांपेक्षा मोठे अंक व परिचित चिन्ह अधिक उपयोगी पडते. धोक्याची सूचना एका शब्दात व चित्रात असावी.

रात्रीची बाजू

दिवसा वाचता येणारे अक्षर रात्री असून नसल्यासारखे असते. रस्त्याच्या कडेला नादुरुस्त होऊन थांबलेली, काळ्या ताडपत्रीने मागपर्यंत झाकलेली मालमोटार मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. अशा अपघातात बहुधा दुचाकीस्वारच प्राणास मुकतो. म्हणूनच मालवाहू वाहनांवर परावर्तक पट्ट्या, पुढे पांढऱ्या, मागे लाल व बाजूस पिवळ्या, लावणे आवश्यक करण्यात आले आहे. या पट्ट्या हौद्याच्या पत्र्यावर असतात. ताडपत्री त्यांच्यावर लोंबली की त्या निरुपयोगी होतात. ताडपत्री फाळक्याच्या वरच्या काठापर्यंतच यावी, दिवे, पाटी व पट्ट्या उघड्या राहाव्यात, हे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. पडद्यावर परावर्तक पट्टी लावावयाची असल्यास ती लवचीक पृष्ठभागासाठी बनविलेली असावी. पत्र्यासाठीची कडक पट्टी घडीवर तुटते व तिच्यात पाणी शिरून ती चमकेनाशी होते.

पंचायत, शाळा व कार्यालये यांनी काय करावे?

सार्वजनिक पैशातून ताडपत्री, पडदा किंवा फलक घेताना मागणीपत्रात केवळ 'ताडपत्री, अक्षरांसह' एवढेच लिहिले जाते, आणि मग सर्वांत स्वस्त कापड व सर्वांत स्वस्त रंग वाट्यास येतो. त्याऐवजी कापडाची जात, दर चौरस मीटर वजन किंवा भारतीय मानक, रंगाचा प्रकार, अक्षराची उंची आणि किती काळ अक्षर वाचनीय राहील याची हमी या पाच बाबी नमूद कराव्यात. माल स्वीकारताना वर सांगितलेली पाण्याची, चिकटपट्टीची व घडीची परीक्षा पंचायत सदस्यांच्या समक्ष करून घ्यावी. यास कोणतीही यंत्रसामग्री लागत नाही.

खनिज वाहतुकीच्या मार्गावरील ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालमोटारींचा माल झाकलेला आहे ना, क्रमांक वाचता येतो ना, याकडे लक्ष द्यावे आणि त्रुटी दिसल्यास वाहतूकदारास प्रथम समज द्यावी. ती न मानल्यास दिनांक, वेळ, ठिकाण व क्रमांक यांसह प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे अथवा पोलीस ठाण्याकडे कळवावे. या चारही गोष्टी असलेली तक्रार सहसा बाजूस टाकता येत नाही.

शिक्षकांनी घनता, द्रावण, पृष्ठताण हे धडे या परिचित वस्तूंच्या आधारे शिकवावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रंगारी व्यवसायाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांनी पीव्हीसीवरील लेखन व गरम हवेचे सांधकाम या दोन गोष्टी अधिक शिकून घेतल्या, तर वाहतुकीच्या मार्गावरील गावांत त्यांना वर्षभर काम मिळू शकेल. फ्लेक्सच्या यंत्रांमुळे ज्या रंगाऱ्यांच्या हातचे काम गेले, त्यांनाही येथे वाव आहे. यंत्र नवे पडदे छापील, परंतु वापरातील पडद्यावर बदललेला क्रमांक लिहिणे, फाटलेल्या जागी जोड देऊन त्यावरील अक्षर पुरे करणे, ही कामे हातानेच करावी लागतात.

अखेरीस जुन्या पडद्यांविषयी. निकामी झालेला पीव्हीसी पडदा जाळू नये. त्यातून दाहक वायू व अन्य विषारी द्रव्ये निघतात. गोठ्याचे छप्पर, जळणाचे झाकण, भिंतीस पावसाचा आडोसा अशा कामी तो आणखी काही वर्षे उपयोगी पडतो. मात्र त्यावर धान्य, डाळ किंवा मिरची थेट वाळत घालू नये, कारण कापडातील तेल व स्थिरकारी द्रव्ये अन्नात उतरण्याचा संभव असतो. त्यावरील जुना क्रमांक पुसूनच तो दुसऱ्यास द्यावा, हेही इष्ट. नाही तर एका वाहनाची ओळख दुसऱ्याच्या पाठीवर फिरत राहते.

कापड ओळखावे, त्याच्या जातीचा रंग निवडावा, एक दिवस थांबून नमुना तपासावा आणि अक्षर दुरून वाचता येईल एवढे मोठे काढावे, असा या विवेचनाचा सारांश आहे. यात खर्च फारसा वाढत नाही. धुळीने भरलेल्या रस्त्यावरून घाईने जाणाऱ्या वाहनाचा क्रमांक कडेला उभ्या असलेल्या सामान्य ग्रामस्थास वाचता आला, म्हणजे या श्रमाचे चीज झाले असे समजण्यास हरकत नाही.